काळ्या टी-शर्टावरचं मीठ

माझी शुगर बॉर्डरवर आली तेव्हा डॉक्टर श्रीनिवास यांनी रोज चालायला सांगितलं, आणि मी आबिड्सच्या बाजारात जाऊन एक काळा टी-शर्ट घेऊन आलो. काळ्या रंगात पोट कमी दिसतं, एवढाच माझा हेतू होता. पुढचं रामायण त्या रंगामुळे घडलं.

माझी बायको कमल नारायणगुड्याच्या एका शाळेत तीस वर्षं सायन्स शिकवून रिटायर झाली. त्यातली निम्मी वर्षं कॉप्या पकडण्यात गेली (उरलेली माझ्यावर नजर ठेवण्यात). मी खरंच चालतो की कोपऱ्यावरच्या इराण्याकडे बसतो, हे ओळखायची युक्ती तिने पहिल्याच दिवशी काढली. टी-शर्ट न धुता गॅलरीत वाळत टाकायचा. दुपारी त्यावर मिठाचे पांढरे डाग दिसले, तर संध्याकाळच्या चहात अर्धा चमचा साखर. नाहीतर फिका चहा.

महिनाभर मी इमानदारीत चाललो. पाठीवर मिठाने अख्ख्या तेलंगणाचा नकाशा उमटायचा आणि चहा गोड मिळायचा. मग काय झालं कोण जाणे. आधी आबिड्सच्या पोस्टापाशी फुटणारा घाम आता आमच्याच गल्लीच्या तोंडाशी फुटायला लागला, तोही धो धो. डाग मात्र दिसेनात.

"रोज चालणाऱ्याचा घाम कमी व्हायला हवा," कमल म्हणाली. "तुमचा वाढतोय."

"मग मी काय करू?"

"आणि मीठ कुठे गेलं?"

"मला काय माहीत? मी काय मिठागर आहे?"

"नळाचं पाणी आहे हे. आज चहा फिका."

तीन दिवस फिका चहा प्यायलो. खरं वागून हेच मिळणार असेल तर माणसाने करावं काय? चौथ्या दिवशी कमल आंघोळीला गेली तसा मी स्वयंपाकघरात शिरलो. चष्मा हॉलमध्ये राहिला होता. घाईघाईत हात गेला त्या डब्यातली पांढरी पूड घेतली आणि ओल्या टी-शर्टाच्या पाठीवर बेताने चोळली.

दुपारी गॅलरीतून हाक आली. टी-शर्ट मुंग्यांनी भरला होता.

मी सबब शोधत होतो, पण कमलचाच चेहरा उतरला होता. "अहो, तुमच्या घामात साखर उतरली," म्हणाली (तीस वर्षांचं सायन्स एका मिनिटात गेलं) आणि तिने रिक्षा थांबवली. दवाखान्यापर्यंत तिने माझा हात सोडला नाही. मला फार लाज वाटली, पण तोंड उघडवेना.

डॉक्टरांनी शुगर तपासली, सगळी हकिकत ऐकली आणि हसले. "मॅडम, खुश होना. रोज चले तो बॉडी जल्दी पसीना छोडती, ठंडा रहने कू. और नमक अंदर बचाके रखती. पसीना ज्यादा, नमक कम, मतलब साब सच्ची चल रहे. पण शुगर बॉर्डर पे-च है. इत्ता चल के भी कायकू नै उतरी, समझ में नै आया."

"माझं चुकलं हो," कमल मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "उगाच संशय घेतला. पण मग मुंग्या?"

एवढी माफी मला लग्नानंतर प्रथमच मिळत होती. मीही विरघळलो. "अगं, मीच मीठ चोळायला गेलो आणि चुकून पिठीसाखर हाताला लागली. एवढंच."

कमलने डोळे पुसले.

"मीठ ओट्यावर असतं," ती म्हणाली. "पिठीसाखर मी खालच्या फळीवर, रव्याच्या मागे, शिकेकाई लिहिलेल्या डब्यात लपवते. चष्मा नसताना घाईघाईत तुमचा हात नेमका तिथे कसा गेला?"

डॉक्टरांच्या खोलीत एसी होता. तरी माझ्या कपाळावर दरदरून घाम फुटला. कमलने तो पदराने टिपला, पदर निरखून पाहिला आणि डॉक्टरांना म्हणाली, "हा मात्र खरा आहे."