साठ फुटी कटआउटावरील दुग्धाभिषेकाची व पाठदार इसक्कीच्या सुडाची हकीकत

मीनाक्षी अम्मनचे स्मरण करून, डावे हाती जिगरठंडा नामे गार दुधाचा पेला धरून हे लिहिले असे. लिहिणार जातीने हजर होता. कोणास नाक मुरडणे असेल त्याने आपले घरी मुरडावे.

मदुरा प्रांती पडद्याचे बादशहा, मिशीबहाद्दर, केशसंभारमंडित श्रीमंत कोट्रवन (मिशी व संभार दोन्ही रात्री पेटीत निजत) यांनी जंगी चित्रपट मांडिला. पाळण्यात अदलाबदल जाहलेले जुळे बंधू, एक फौजदार आणि एक गुंड, एकमेकांची सोंगे घेऊन बापाचा सूड उगवितात, ऐसा मजकूर. दोन्ही बंधू श्रीमंतच, म्हणोन दोघे समोरासमोर येत तेव्हा एकाची नुसती पाठ दाखवावी लागे, आणि ती पाठ इसक्कीमुत्तू नामे शिलेदाराची असे. एकवीस चित्रपटांत पाठ त्याची, आणि उड्याही त्याच्याच, मग या खेपेस तिसरे मजल्यावरून पडोन खांद्याचे हाड मोडिले. श्रीमंत त्या समयी थंड गाडीत इडली सेवीत होते. पुढे अखबारनविसांस फर्मावते जाहले की, सर्व उड्या आम्हीच मारिल्या, बदली माणूस आम्हांस ठाऊक नाही.

हे ऐकोन इसक्कीच्या काळजास घरे पडली. हाडाचे दुःख नव्हे; त्याची अम्मा पेच्चियम्माळ सत्तरीस आलेली, दर चित्रपट पाहोन विचारी, "मेल्या, तुझं तोंड कधी दाखवणार?" मग इसक्कीने कंबर कसली, आणि कटआउट रंगविणारे सोर्णम पेंटर यांजपाशी आपला फोटो घेऊन खलबतास बसला.

"अरे, लोक मला सोलतील!" सोर्णम म्हणाले.

"अण्णा, काळा चष्मा आणि मिशी झोकात काढा. बाकीचं कोण बघतंय?"

प्रदर्शनाचे दिवशी उजाडता थिएटरापुढे भक्तसेना जमली, आणि फटाके फुटले, मग सेनानायक पोन्नय्या शिडीने चढोन साठ फुटी मस्तकी दुधाचे हंडे रिते करते जाहले. चष्मामिशीवाचून बाकीचे कोणीही पाहिले नाही. तितक्यात श्रीमंत, रयतेत मिसळोन स्वकीर्ती ऐकावी या हौसेने, मिशी व संभार पेटीत ठेवून, लुंगी नेसून दाखल जाहले. वर पाहिले, तो चष्म्यामिशीआड तोंड भलत्याचेच, आणि तळपायाची आग मस्तकास गेली.

"उतरवा तो कटआउट! कोट्रवन मी आहे!"

"तू कोट्रवन? मग मी पांड्य राजा! टकल्या, बाजूला हो, दूध सांडेल."

मग श्रीमंतांचा कारभारी पेटी घेऊन धावला, आणि मिशी लागली, संभार चढला, तेव्हा सेना चपापली. पोन्नय्याने बहुत विचार केला.

"तलैवरे, धनी, चुकलं आमचं. पण आता दूध पडलंय. दूध पडलेला कटआउट शंभर दिवस उतरवायचा नाही, हा हुकूम तुमचाच."

मग शेकडो डोळ्यांदेखत, नाइलाज होऊन, श्रीमंतांनी कटआउटास हात जोडिले.

पेच्चियम्माळ रस्त्यापलीकडे मान वर करोन उभी होती. डोळे पुसले, पुन्हा पाहिले, आणि शेजारी उभ्या इसक्कीच्या धड खांद्यावर हात ठेविला. "अगदी बापावर गेलायस रे. केवढं दूध वाया घालवलं मेल्यांनी!" इसक्की रडला, हेही लिहिणे भाग आहे.

येणेप्रमाणे साठ फूट मुलूख काबीज जाहला, शंभर दिवस कायम राहिला. प्रदर्शनाचेच दिवशी आत खेळ सुरू जाहला, आणि पडद्यावर कोण्या बंधूची पाठ आली, मग भर थिएटरात सत्तर वर्षांची अम्मा दोन बोटे तोंडात घालोन शिटी वाजविती जाहली.