अंगद मास्तरांचा कॉपीराइट

“माझ्या नजरेतून या जिल्ह्यात काही म्हणजे काही सुटत नाही,” असं गुप्तहेर रंगनाथ स्वतःबद्दल सांगत आणि ऐकणारा हसला, की त्याचं नाव संशयितांत घालत. त्यांचा मेव्हणा प्रवीण हसत नसे. शिवाय त्याच्याकडे मोटारसायकल होती, म्हणून तो सहायक गुप्तहेर झाला होता. खर्ड्याला लग्नाला आल्या आल्या शाळेच्या नळापाशी दाजींना काहीतरी सापडलं. ते त्यांनी रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातलं.

“खुनाचा मामला हाय. आत्ता बोलायचं न्हाई,” ते म्हणाले. प्रवीणने विचारलंच नाही. विचारलं की दाजी सांगत बसतात, हा त्याचा जुना अनुभव होता.

खरी केस पुढेच होती. नवरदेव घोड्यावर बसला, मारुतीच्या देवळापर्यंत मिरवणूक निघायची वेळ झाली आणि बँड काही वाजेना. बँडचे मालक अंगद मास्तर क्लॅरोनेट मांडीवर घेऊन, तोंडाला उपरणं लावून खुर्चीत बसले होते. काय झालं म्हणून विचारलं, की उपरण्याआडून एवढंच येई, “कॉपीराइट.”

“नोटीस आली का?” नवरीचे वडील वैजनाथ यांनी विचारलं. मास्तरांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. “मग मी जामखेडवरनं डीजे मागवतो. लावू का फोन?”

मास्तरांचे डोळे भरून आले. एकदा डीजे गावात शिरला, की बँडला पुन्हा कोण बोलावतो? प्रवीणला फार वाईट वाटलं. त्याच्या लग्नात याच मास्तरांनी भर उन्हात नवरीकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांना नाचवलं होतं.

“फोन ठेवा. केस माझ्याकडं आली,” रंगनाथ म्हणाले. “कॅसेट कंपनीचा हेर वऱ्हाडात घुसलाय. जो नाचनार न्हाई, तो हेर.”

काळा चष्मा लावून कोपऱ्यात उभा असलेला इसम त्यांनी ताबडतोब पकडला. तो नवरदेवाचा मामा निघाला. त्याचा पाय मुरगळला होता आणि आता मानही मुरगळली.

“मग असं करू,” रंगनाथ डगमगले नाहीत. “परत्येक गान्यात दोन सूर बदला. गानं आपलं झालं. न्हाईतर आधी गानं लिवनाऱ्याचं नाव पुकारा. नाव घेतलं की चोरी न्हाई.”

“शेजाऱ्याची म्हैस त्याचं नाव घेऊन सोडून आनली, तर चालंल का दाजी?” प्रवीणने विचारलं.

रंगनाथांनी ते ऐकलं नाही. ते मास्तरांना न्याहाळत होते. “सकाळी पोह्याला शिवला न्हाई. तोंड झाकून बसलाय. हा मानूस फरारी हाय.”

तेवढ्यात नवरी बाहेर आली. दिशा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या एकाच डोळ्यात काजळ घालून झालं होतं. आतून सगळं ऐकून ती रंगनाथांकडे वळली.

“काका, गाणं लिहिणाऱ्याचा हक्क असतो, चाल लावणाऱ्याचा असतो, रेकॉर्डवर कंपनीचा असतो. लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा तर माणूस गेल्यावरही साठ वर्षं टिकतो. नाव पुकारून किंवा दोन सूर बदलून हक्क मिटत नाही. दुसऱ्याचं घ्यायच्या आधी त्याला विचारायचं, एवढी साधी गोष्ट आहे. पण लग्नाच्या मिरवणुकीला कायद्यानंच सूट दिलीय. उद्या कुणी याचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकला, तर तो प्रश्न वेगळा. आज तुम्ही बिनघोर वाजवा, मास्तर.”

सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांनी मान आणखी खाली घातली.

“बगा,” रंगनाथ कुजबुजले, “कायदा सोडतोय आन् मानूस हालत न्हाई. म्हंजे गुन्हा ह्याच्याहून मोठा हाय.”

दिशाची आजी बनुबाई आतापर्यंत मांडवाच्या खांबाला टेकून मऊ मऊ बुंदी तोंडात घोळवत होती. ती उठली आणि मास्तरांपाशी जाऊन हळूच म्हणाली, “अंगदा, सकाळधरनं नुसता चा पितोस. कवळी कुटं ठिवली रं?”

मास्तरांनी उपरणं खाली घेतलं. तोंड पार बोळकं झालं होतं. “नळावं धुवाया काडली हुती. टावेल घिऊन आलो, तर न्हाई. दात न्हाई तर क्लॅरोनेट कशी धरायची? लोकं म्हनतील, मास्तर संपला. म्हून कॉपीराइट म्हनलो.”

शाळेचा नळ. प्रवीणने सावकाश दाजींच्या खिशाकडे पाहिलं.

“दाजी, तो खुनाचा मामला भाईर काडा.”

“पुरावा असा चारचौघांत—”

“दाजी.”

रुमाल उघडला. आत वरचे-खालचे सगळे दात गुण्यागोविंदाने बसले होते. “मला वाटलं, जबडाच तेवढा उरलाय,” रंगनाथ पुटपुटले. “मी प्रेत हुडकत हुतो.”

“प्रेत खुर्चीत बसलंय,” बनुबाई म्हणाली. “दे त्याचं त्याला.”

दात धुतले गेले, बसवले गेले आणि मास्तरांनी क्लॅरोनेट ओठाला लावली. पहिल्याच सुराला घोडा दचकला आणि नवरदेवाचा मामा मुरगळलेल्या पायावर नाचू लागला. वैजनाथांनी फोन खिशात टाकला. प्रवीणला एवढा आनंद झाला, की तोही नाचला. मिरवणुकीच्या पुढे रंगनाथ दोन्ही हात वर करून केस मिटवल्याबद्दलचे नमस्कार घेत चालले होते. ते कोणी करत नव्हतं.

मारुतीपाशी धुळीत काहीतरी चकाकलं. रंगनाथ झटकन वाकले. प्रवीणने त्यांचं मनगट धरलं.

“आधी इचारा, दाजी.”

रंगनाथांनी वाकल्या वाकल्या मान वर करून वऱ्हाडाकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्याने म्हणाले, “हे कुनाचं हाय हो?”