डॉक्टर आपट्यांचे बंदूकवाले

आमच्या शेजारचे डॉक्टर आपटे कुणाला ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. कुंपणापलीकडून हाक मारतात, “वहिनी, बंदूकवाल्यांचं कळलं का?”

बंदूकवाले म्हणजे अमेरिकेतलं बंदुकांवर नजर ठेवणारं सरकारी खातं. आम्ही राहतो इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत. डॉक्टरांनी जन्मात खेळण्यातली बंदूकसुद्धा धरलेली नाही. ते हॉस्पिटलात भूल द्यायचे. आमची सून म्हणते, “रिटायर झाले तरी देतातच की.”

खोटं नाही. गणपतीत त्यांना ब्लडप्रेशरवर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. पाऊण तास ते त्या खात्याचा इतिहास सांगत बसले. आधी म्हणे चोरटी दारू पकडायचे, मग तंबाखू आली, मग बंदुका, मग स्फोटकं. “सगळं एका खात्याकडे! वाणीसुद्धा चहा आणि साबण वेगळा ठेवतो हो.” प्रसादाच्या शिऱ्याचा पार दगड झाला.

खात्याच्या भानगडी त्यांना तोंडपाठ. एकदा तस्करांचा माग काढायला म्हणून बंदुका मुद्दाम त्यांच्या हाती जाऊ दिल्या आणि मागच हरवला. “पिंजरा लावला, उंदीर पोळी घेऊन गेला, याला कारभार म्हणतात?” हे मी निदान वीस वेळा ऐकलंय. मला मध्ये बोलायला जमत नाही, म्हणून मी त्यांची आवडती.

रविवारी दुपारी मी त्यांना पोळ्या नेऊन देते. त्याच वेळी त्यांच्या मुलीचा, मीनलचा फोन येतो. ती इथेच जन्मली, लग्न करून अमेरिकेत गेली आणि त्याच खात्यात लागली. डॉक्टर फोन स्पीकरवर ठेवतात. समोर खात्याच्या बातम्यांची कात्रणं मांडलेली.

“कशी आहेस?”

“फाइन, बाबा. तुम्ही?”

“बरा आहे.” मग नुसतं घड्याळ ऐकू येतं. मग डॉक्टर चष्मा लावतात. “बंदूक कुणी विकत घेतली ते शोधायला तुमचे लोक म्हणे अजून खोक्यातले कागद चाळतात?”

“बाबा, तो लिस्ट कॉम्प्युटरवर नावाने सर्च करायला लॉ अलाव नाही करत. किती टाइम सांगितली तुम्हाला!” मग मीनल जी सुरू होते ती तासभर. चिडते, हसते, मधेच सकाळी काय खाल्लं तेही सांगून जाते. डॉक्टर विरोध करतात आणि हळूच खुर्ची फोनजवळ ओढतात. मीनलची आई गेल्यापासून बापलेकीचं हे असंच चाललंय.

गेल्या रविवारी त्यांनी कात्रण उचललं, तेवढ्यात ती म्हणाली, “बाबा, मी जॉब सोडली. इन्शुरन्स कंपनीत जातेय. तुम्ही हॅपी ना? तुम्हाला ते कधीच लाइक नव्हतं.”

“छान झालं,” डॉक्टर म्हणाले. कात्रण हातातच होतं. त्यांनी पुढचं पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं.

“अजून काही, बाबा?”

“नाही. तब्येतीला जप.”

“ओके. बाय.”

तीन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी पोळ्यांचा डबा उगाच उघडला आणि पुन्हा लावला. डॉक्टरांनी कात्रणं एकावर एक रचून ठेवली.

“वहिनी,” ते म्हणाले, “विम्याच्या धंद्यातही भानगडी असतील ना हो?”

“असतील की,” मी म्हटलं. “रविवारपर्यंत सापडतील.”