तात्यांच्या दारातलं मिलिंग मशीन

लोखंड माझं ऐकतं! बायको ऐकत नाही, मुलगी ऐकत नाही, पण लोखंड ऐकतं. कंपनीच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस आहे मी. त्यामुळे माणगावजवळचं एक वर्कशॉप बंद पडलं आणि तिथलं लोखंड तासायचं मिलिंग मशीन भंगारात निघालं, तेव्हा मी बायकोला, मैत्रीला, सांगून टाकलं, "पडवीत वर्कशॉप काढतो. बोटींचे गिअर, पंपांचे शाफ्ट, सगळं घरच्या घरी!"

"पडवीत माझी लाकडं आहेत," बायको म्हणाली.

"लाकडं हलतील."

"आणि मशीन?"

"ते तर लोण्यासारखं सरकेल!"

मशीन कसलं, गंजाचा ढिगारा होता तो. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला. तिथून आम्ही ते लोखंडी पाइपांवरून ढकलत आणलं. आमची पडवी चार हातांवर आली आणि बरोबर धाकूतात्यांच्या खिडकीखाली गटारावरची फरशी फुटली! मशीनचा एक पाय गटारात गेला, धड तात्यांच्या भिंतीला टेकलं आणि गल्ली बंद. माणूस पोट आत ओढून, आडवा होऊन निघेल एवढीच फट.

आता तात्यांचं सांगतो. आमचे शेजारी. जन्मभर रेवसच्या धक्क्यावर लाँचचे दोर बांधले नि सोडले. त्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं होतं. 'आता सेवा करा,' एवढंच म्हणाले होते. डोळे मिटलेले, अन्न बंद. मुलगा सनी न्हावा शेव्याहून रजा टाकून आला होता. लेकी आल्या होत्या. सगळे नुसते बसून होते, आणि तशा घरावर माझं मशीन धाडकन आदळलं!

तात्यांनी डोळे उघडले. "काय पडला रं?"

"रत्नपालचा मशीन!" तात्यांच्या पत्नी भिमाकाकी ओरडल्या. रत्नपाल मीच.

सनी बाहेर आला. मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "दादा, बाबांचं काही झालं तर न्यायचं कुठून?"

मागे खाजणाचा मांडीभर चिखल, पुढे माझं मशीन. खांदेकऱ्यांनी आडवं होऊन कसं जायचं?

"फोर्कलिफ्ट बोलावू? मी बंदरात रोज चालवतो," सनी म्हणाला.

"अरे, गल्लीत रिक्षा शिरत नाही!"

"मग वरून उचलून नेऊ," मागून कोणीतरी सुचवलं.

भिमाकाकी तीरासारख्या बाहेर आल्या. "माझा माणूस यंत्रावरनं न्हाय जायाचा! जन्मात कुणाच्या डोक्यावरनं गेला न्हाय तो!" तशाच आत गेल्या आणि नवऱ्याला खडसावलं, "आवं, ऐकलंत? बाहेर वाट न्हाय हाय. एवढ्यात जायाचं काय काढू नका!"

आतून तात्यांचा बारीक आवाज आला, "वाट न्हाय तर थांबूया की. आमची लाँच काय ओहोटीला सुटायची?"

आणि खरंच थांबले!

मी जॅक लावला, तो फरशीत रुतला. आंब्याच्या फांदीला चेनपुली बांधली, तर फांदी मोडून मैत्रीच्या वाळवणावर पडली. शेवटी एकच उपाय उरला. मशीन जागच्या जागी खोलायचं आणि हलकं करायचं. बोल्ट जन्मठेप झाल्यासारखे बसलेले. त्यांना डिझेल पाजलं, ठोकलं, विनवलं. आणि माझी खोड तुम्हाला सांगतो, एकदा खोललंच आहे तर घासूनही घेऊ म्हटलं. झालं! गल्लीत पॉलिश पेपर, ग्रीस, चिंध्या, आणि खिडकीतून तात्या.

"आज काय खोललास?"

"टेबल, तात्या. कापायचं लोखंड यावरच बांधतात."

"जरा उभा कर. बघू दे."

बघता बघता त्यांनी पेज मागितली. मग पेजेबरोबर भाजलेला जवळा मागितला! लेकींनी आनंदाने डोळे पुसले. सनी मात्र माझ्यापाशी येऊन उभा राहायचा. "बाबांना बरं वाटतंय, चांगलं आहे. पण दादा, माझी रजा..." म्हणता म्हणता त्याचे डोळे भरून यायचे. येणारा-जाणारा जो तो विचारायचा, "मशीन हलणार कधी?" त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळायचं. लाज वाटायची, आणि मी आणखी जोरात घासायचो.

एकदा टेबल सरकवायचं चाक गजांमधून आत दिलं. म्हटलं, "तात्या, फिरवून बघा." हाडकुळ्या बोटांनी त्यांनी ते मांडीवर धरून फिरवलं आणि कुणाचं तरी खेळणं पळवल्यासारखे हसले. तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता काही जात नाही.

शेवटी मशीनचा नुसता सांगाडा उरला. गाव जमा झालं. जाड वाशांची तिवई उभी करून चेनपुली लावली, पहारी घातल्या, ओढा म्हणताच पाय गटारातून वर आला! मशीन पडवीत शिरलं, टाळ्या पडल्या. माझी छाती एवढी फुगली, की मी धावत जाऊन खिडकीत तोंड घातलं आणि ओरडलो, "तात्या! वाट मोकळी झाली!"

आत भिमाकाकींनी माझ्याकडे चमकून बघितलं.

"झाली?" तात्या म्हणाले. "बेस झाला."

पाणी मागितलं, दोन घोट घेतले, कूस बदलली. दिवेलागणीच्या आत गेले.

अंत्ययात्रा गल्लीतून सरळ निघाली. कुणाचं कोपरही भिंतीला घासलं नाही. मीही खांदा दिला. परत आल्यावर भिमाकाकी मला एवढंच म्हणाल्या, "येवढी कसली घाय होती रं तुला? अजून चार बोल्ट ऱ्हायले असते तर काय बिघडला असता?"

मी पडवीत जाऊन रडलो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. मी जोडून तयार झालेल्या मशीनपाशी बसलो होतो. सुरू करायचा धीर होत नव्हता. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला राहणारी जागृती आली. तिची सासू आवडाबाई बरेच महिने अंथरुणाला खिळलेली.

"दादा, मशीन आमच्या दारात आणून अडकवता का?"

"काय?"

"वाटेतच. तात्यांच्या दारात होता तसा."

मी ताडकन उठलो. चौदा एप्रिलच्या जयंतीला दर वर्षी अंधश्रद्धेवर भाषण मीच ठोकतो! "अगं, वेडी झालीस का? असं काही नसतं!"

"नसतं, म्हाईत हाय मला," जागृती म्हणाली. "पण कालपासून तिनं तोंडात काय घेतलं न्हाय."

मी मैत्रीकडे पाहिलं. तिने लाकडं बाजूला सारायला घेतली.

"सगळं मशीन नाही जमायचं," मी पाना शोधत म्हणालो. "नुसतं टेबल आणतो. वाट तेवढ्यानेही अडेल."

बोल्ट या वेळी बोटाने सुटले. ग्रीस मीच लावलं होतं ना!