बू नीनिंगच्या घरातलं डबकं

शुक्रवारी सकाळी बू नीनिंग हातात टॉर्च घेऊन बाहेर पडली की बोगोर शहरातल्या त्या गल्लीत भलेभले घाईने बादल्या पालथ्या घालत. डासांच्या अळ्या शोधायचं काम आरोग्य केंद्राने गल्लीगल्लीतल्या बायकांवर सोपवलं होतं. बाकीच्या गल्ल्यांतल्या बायका ते चहा पीत, गप्पा मारत उरकायच्या. बू नीनिंगचं तसं नव्हतं. ती न्हाणीघराच्या हौदात डोकावे, फ्रीजच्या मागची पाण्याची ताटली ओढून काढी, फुलदाण्या उलट्या करी. एकदा तर म्हणे तिने एका म्हाताऱ्याच्या कवळीच्या ग्लासातही टॉर्च मारला होता. अळी दिसली की एक तर पाणी जमिनीवर, नाहीतर वरून औषधाची पावडर. शिवाय फाटकावर लाल चिंधी. ती चिंधी आठवडाभर फडफडत राही आणि त्या घरातली माणसं मागच्या दाराने ये-जा करत.

अशा बाईच्या स्वतःच्या घरात, मागच्या मोरीत, कपडे धुण्याच्या मशिनच्या आडोशाला, बादलीभर अळ्या सुखाने नांदत होत्या. आणि त्या कोणी नजरचुकीने होऊ दिलेल्या नव्हत्या. त्या पाळलेल्या होत्या. पाळणारा तिचा नवरा होता.

नवऱ्याला सगळी गल्ली मानाने पाक दुदुंग म्हणायची. घरात मात्र तो मुलीच्या जन्मापासून ‘अबाह’, म्हणजे बाबा, आणि ती ‘अंबू’, म्हणजे आई. पोस्टातून निवृत्त झालेला, लुंगी नेसून ओसरीत बसणारा, जगाशी कसलंही भांडण नसलेला गृहस्थ. त्याला एकच वेड होतं. बाहेरच्या खोलीत त्याची एक काचेची टाकी होती, आणि ती इतरांच्या टाक्यांसारखी नव्हती. इतरांकडे पाणी कसं लखलखीत, तळाला निळे खडे, मध्ये प्लॅस्टिकचा किल्ला. पाक दुदुंगच्या टाकीत पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस. तळाला देशी बदामाची वाळकी पानं, आडवीतिडवी लाकडं, एका कोपऱ्यात पालथी करवंटी. जंगलातल्या ओढ्यातला एखादा कोनाच उचलून आणावा तसं ते दिसे. निदान पाक दुदुंगला तसं दिसे.

बू नीनिंगला ते डबकं दिसे. “लोक पैसे देऊन डबकं बुजवतात,” ती मुलीला फोनवर सांगायची, “तुझ्या अबाहने पैसे देऊन घरात आणलंय.”

त्या डबक्यात दोन मासे राहत. बुटक्या सिक्लिड जातीची जोडी, मूळची कुठल्याशा दूरच्या जंगलातल्या काळ्या नदीतली. नर बोटाएवढा, पण थाट नवरदेवाचा. पाठीवर उभे तुरे, शेपटीला नारिंगी काठ, गालावर निळ्या रेघा. मादी त्याच्या निम्मी, राखाडी, पाहुणीसारखी अंग चोरून राहणारी. हिने करवंटीत अंडी घालावीत, हिची पिल्लं या पानांतून हिंडावीत आणि आपण खुर्ची टाकून ती बघावीत, एवढंच पाक दुदुंगला आयुष्याकडून मागायचं उरलं होतं. पण वर्ष होत आलं तरी मादी काही मनावर घेईना.

मासे विकणारा तातांग त्याचा सल्लागार. तातांगला सल्ला द्यायचं अजीर्ण कधी झालं नाही. आधी त्याने पाणी आणखी लाल करायला सांगितलं. मग कमी लाल करायला सांगितलं. मग टाकीसमोर लवंगी सिगारेट ओढू नका म्हणाला, नर ठसकतो. शेवटी म्हणाला, “तुम्ही तिला डब्यातलं कोरडं खाणं घालता. नव्या नवरीला रोज बिस्किटं घातलीत तर ती माहेरी नाही का जाणार? जिवंत अळ्या घाला. डासांच्या. मग बघा रंग.”

पाक दुदुंगने त्याच दिवशी बादलीत पाणी भरलं, वर बदामाची चार पानं टाकली आणि ती मशिनमागे सरकवली. तो बाहेरून साधाभोळा असला तरी आयुष्यभर पोस्टात काढलेला माणूस. कुठलं पाकीट कोण उघडत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गल्लीतलं प्रत्येक घर बू नीनिंग तपासायची, आणि तिचं घर तपासायची कोणाची छाती नव्हती. दिव्याखाली अंधार असतो, तर माणसाने बादली तिथेच ठेवावी.

आणि रंग दिसला की हो. अळ्या खाऊन मादी गोल झाली, मग एका सकाळी हळदीसारखी पिवळीजर्द होऊन करवंटीच्या तोंडाशी उभी राहिली. अंगावर काळ्या रेघा, डोळ्यांत अंगार. नवरदेव सहज म्हणून जवळ आला, तर तिने त्याला असा पिटाळला की तो सगळे तुरे मिटून लाकडामागे जाऊन बसला. आत अंडी होती. पाक दुदुंगने त्या दिवशी सकाळची नमाज जरा जास्त वेळ केली.

आता अडचण अशी की पाक दुदुंग रोज गाळणीने अळ्या गाळायचा खरा, पण गाळणी चहाची. त्यातून निसटलेल्या अळ्या यथावकाश वयात आल्या, त्यांना पंख फुटले आणि त्या गल्लीत फिरायला निघाल्या. संध्याकाळी ओसरीत बसलेली माणसं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेऊ लागली. कोणाला ताप आला नाही ही देवाची कृपा. पण बू नीनिंगच्या अब्रूचा पंचनामा झाला. माझ्या गल्लीत डास? तिने शुक्रवारच्या जोडीला मंगळवारही धरला. घरांची पुन्हा झडती झाली, छपरावरच्या पन्हाळींचीही झाली. काही सापडेना तशी ती आणखी चिडली, आणि चिडलेल्या बाईला शेवटी काहीतरी सापडतंच. हाजी कोसासीच्या अंगणात टांगलेल्या पिंजऱ्यातल्या वाटीत तिला एक अळी सापडली. एकच.

हाजी कोसासी हे फर्निचरच्या दुकानाचे मालक, मशिदीच्या समितीवर, आणि त्यांचा कवडा पक्षी म्हणजे घुमण्याच्या स्पर्धेत बक्षिसं मिळवलेला. बू नीनिंगने त्यांच्यादेखत वाटी ओतली, शेजारच्या रांजणात पावडर टाकली आणि फाटकाला चिंधी बांधली. त्या दिवसापासून कवडा घुमेना. हाजींचं म्हणणं, त्याला अपमान सहन झाला नाही.

हाजी गल्लीप्रमुख पाक सोलेहांकडे गेले. पाक सोलेह हा इतका मवाळ माणूस की रस्त्यात कोंबडी आडवी आली तर तिला आधी जाऊ द्यायचा. हाजींनी त्याला एकच गोष्ट विचारली. गल्लीतली सगळी घरं बू नीनिंग तपासते, तर बू नीनिंगचं घर कोण तपासतं? पाक सोलेहने बराच वेळ डोकं खाजवलं आणि कबूल केलं की हे आजवर कोणाला सुचलंच नाही.

हे कळलं तेव्हा बू नीनिंग हसलीच. “आज शुक्रवारच आहे. आत्ता या,” तिने निरोप धाडला. “टॉर्च नसेल तर माझा देते.” आणि ती न्हाणीघरात जाऊन, आधीच चकाकणारा हौद पुन्हा घासायला बसली.

पाक दुदुंग तेव्हा टाकीसमोर होता. त्याच सकाळी करवंटीतून पिल्लं बाहेर आली होती. पिल्लं कसली, चिमूटभर धूळ. पण धूळ आपण होऊन हलत होती आणि पिवळी आई तिला पानापानांतून वळवत नेत होती. निरोप कानावर पडला तसा तो मशिनमागे धावला. बादली न्हाणीघरात ओतावी तर तिथे बायको. मोरीत ओतावी तर मोरीचं पाणी उघड्या गटारातून थेट फाटकाशी जातं, आणि फाटकाशी हाजी, पाक सोलेह आणि अर्धी गल्ली चपला काढत उभी. बादलीतलं पाणी तांबूस होतं. टाकीतलं पाणीही तांबूस होतं. माणसाला घाईत सुचतं ते सगळं बरोबरच वाटतं. त्याने अख्खी बादली टाकीत रिकामी केली.

हाजींनी घर असं तपासलं की जावई शोधतानाही कोणी इतकं तपासत नाही. हौद, फ्रीज, माठ, मशिनमागची ओली बादली, सगळं. बादली त्यांनी उलटीसुलटी केली, हुंगली आणि नाइलाजाने ठेवली. काही नाही. त्यांचं तोंड उतरलं आणि बू नीनिंगचं फुललं. आता तिच्यातली यजमानीण जागी झाली. तिने सगळ्यांना बसवलं, बिनसाखरेचा चहा आणला, भाज्यांची गरम बाला-बाला भजी आणली. हाजींची खुर्ची टाकीला लागूनच होती. भजी घ्यायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“बू नीनिंग,” ते अगदी हळुवार म्हणाले, “तुमच्या घरात हे काय लटकलंय?”

पाण्याच्या वरच्या कडेला, उलट्या टांगलेल्या, शेकड्यांनी अळ्या वळवळत होत्या. माशांनी आधीच तट्ट फुगेपर्यंत खाल्लं होतं, तरी जत्रा हटली नव्हती. बू नीनिंग जवळ आली. तिच्या उभ्या कारकिर्दीत तिने एका ठिकाणी एवढ्या अळ्या पाहिल्या नव्हत्या. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भज्याकडे पाहिलं.

पण बाई खरी. ती आत गेली, पावडरचा डबा घेऊन आली आणि झाकण काढलं. हाजींनी खुर्ची मागे सरकवली, नीट दिसावं म्हणून.

तेव्हा पाक दुदुंगने असं काही केलं जे त्याने लग्नात सोडलं तर चारचौघांत कधी केलं नव्हतं. त्याने बायकोचा हात धरला.

“अंबू, नको. आत पिल्लं आहेत.”

“दिसतायत मला.”

“डासांची नव्हे. तिची.” त्याने करवंटीकडे बोट दाखवलं. “आज सकाळीच निघाली. पावडर पडली तर एकही उरायचं नाही. मला दे काय शिक्षा द्यायची ती. दोन चिंध्या बांध. माझ्या गळ्यात बांध.”

बू नीनिंग डबा हातात तसाच धरून वाकली. त्या डबक्याकडे ती पहिल्यांदाच बघत होती. पानाखालून पिवळी आई आली, मागे धुळीचा ढग. आई वर झेपावली, एक अळी पकडली, खाली आली, ढग मोजल्यासारखा केला, पुन्हा वर गेली. प्रत्येक पानाखाली डोकावायची, प्रत्येक लाकडामागे बघून यायची. नवरदेव तुरे उभारून पुढे आला, तशी ती त्याच्या अंगावर धावली आणि तो निमूट कोपऱ्यात गेला.

“तो कोण?” बू नीनिंगने विचारलं.

“बाप.”

“करतो काय?”

“दिसतो छान.”

दाराशी उभ्या बायकांत खसखस पिकली. बू नीनिंग हसली नाही. ती मादीकडे पाहत होती. इतकुशी, अंगठ्याएवढी, पण एक कोपरा सोडत नव्हती. “बाई माझ्या खात्यातली दिसते,” ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.

हाजी उसळले. नियम सगळ्यांना सारखा, त्यांच्या कवड्याला एक आणि हिच्या माशाला एक असं चालायचं नाही. सगळ्यांनी पाक सोलेहकडे पाहिलं. पाक सोलेहने चहा संपवला, कप ठेवला, पुन्हा उचलला, आणि म्हणाला की मंडळी बसलीच आहेत तर जरा वेळ बसू. अळ्या राहिल्या तर पावडर. नाही राहिल्या तर घर स्वच्छ.

मग जे झालं ते गल्लीत अजून सांगतात. चहा पुन्हा आला, भजी पुन्हा तळली, आणि अर्धी गल्ली एका बुटक्या माशाचं जेवण बघत बसली. मादी खाई, दम खाई, पुन्हा खाई. पहिल्यांदा तिच्या बाजूने झाल्या त्या बायका. मग मुलं. मग कधी कोण जाणे, हाजी कोसासीच खुर्चीच्या कडेला येऊन “डावीकडे, अगं डावीकडे” असं पुटपुटायला लागले. शेवटी एकच अळी उरली. मादीचं पोट असं टरारलं होतं की तिला वर येववेना. बू नीनिंगचा हात डब्यावर. आणि तेवढ्यात लाकडामागून नवरदेव निघाला, सगळे तुरे उभारून संथपणे वर गेला, ती शेवटची अळी गिळली आणि खाली येऊन सगळी टाकी आपणच साफ केल्यासारखा मिरवू लागला.

“पुरुष,” बू नीनिंग म्हणाली.

हाजींनी उठून पाक दुदुंगचा हात हातात घेतला आणि पिल्लं मोठी झाली की एक जोडी आपल्याला हवी म्हणून सांगितलं. कवड्याला सोबत होईल. मंडळी पांगली, तेव्हा बू नीनिंगने पहिल्यांदा स्वतःच्या फाटकाला लाल चिंधी बांधली, कारण एवढ्या अळ्या छपरातून गळून येत नाहीत हे तिला कळत होतं. मग ती ओली बादली तिने उचलली, उन्हात पालथी घातली आणि नवऱ्याला म्हणाली, “उद्यापासून काय खाणार ती?”

पाक दुदुंगने कोरड्या खाण्याचा डबा काढला आणि तसाच परत ठेवला.

पुढच्या शुक्रवारी बू नीनिंग बाहेर पडली ती एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात मुरंब्याची रिकामी बाटली घेऊन. अळी सापडली की आता ती जमिनीवर ओतली जात नव्हती, बाटलीत जात होती. संध्याकाळी नवरा-बायको टाकीसमोर दोन खुर्च्या टाकून बसायचे, ती बाटली तिरकी करायची आणि पिवळी बाई धावत यायची. ढगातल्या धुळीला आता डोळे फुटले होते. पाक दुदुंगच्या मते जगात यापुढे काही घडायचं बाकी नव्हतं.

पण गल्ली बू नीनिंगच्या हाताखाली तयार झालेली. बादली गेली, डास गेले, घरं आरशासारखी झाली. एका शुक्रवारी ती लवकर परतली. बाटली रिकामी, चेहरा आंबलेला.

“एका घरात एक अळी नाही,” ती चपला काढत म्हणाली. “लोकांना काही जबाबदारीच उरलेली नाही.”

दुसऱ्याच दिवशी ती आरोग्य केंद्रात जाऊन आली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं भर सभेत कौतुक केलं, की स्वतःची गल्ली सांभाळून दुसरीही गल्ली आपणहून मागून घेणारी अशी निःस्वार्थी बाई अख्ख्या तालुक्यात नाही. बू नीनिंगने मान खाली घालून ते ऐकून घेतलं. पुढच्या शुक्रवारी ती दुपार टळून गेल्यावर घरी आली, घामाघूम, आणि गाल कसे लग्नघरातल्यासारखे तांबडे. तिने काठोकाठ भरलेली बाटली पाक दुदुंगच्या पुढ्यात ठेवली.

“पलीकडची गल्ली,” ती सुखाने म्हणाली, “काय घाणेरडी आहे म्हणून सांगू.”