साहेबरावांचा नवा टॅब

रविवारी सकाळी साहेबराव खरातांनी खोक्यातून नवाकोरा टॅब काढला, त्याचं बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. जरा जोर लावून, जरा वेळ धरून. काळ्याभोर काचेत त्यांच्याच मिशा तेवढ्या दिसल्या.

अंबडच्या कोर्टात नाझर म्हणून आयुष्य काढलेला हा माणूस. एरवी असं काही अडलं असतं तर पुढची तारीख देऊन मोकळा झाला असता. पण आज तारीख आजचीच होती, आणि वेळ दहाची.

टेंभुर्णीच्या शाळेत गणित शिकवणारे राधेश्याम सर आता नव्वदीच्या पुढं गेले होते आणि नागपूरला लेकीकडं राहत होते. दिवाळीत पडले, तेव्हापासून बिछान्यावरच. लेक ज्योत्स्नाजवळ त्यांनी एकच धोशा लावला होता, की माझी पोरं एकदा डोळ्यांनी पाहायचीत. पोरं म्हणजे सगळी पासष्टी ओलांडलेली. त्यांतली तीन सापडली. साहेबराव अंबडला, धर्मराज परतूरला कापसाच्या अडतीत, आणि कचरू टेंभुर्णीतच शेती करत राहिलेला. रविवारी दहाला व्हिडिओवर भेटायचं ठरलं, तेव्हा साहेबरावांनी दोघांना फोन करून सांगितलं होतं, "मोबाइलात तीन तोंडं मावत न्हाईत. मी टॅब घेऊन राह्यलो. सगळे माझ्याकडं या."

आणि जालन्याला जाऊन त्यांनी टॅब आणला, जुना मोबाइल एक्सचेंजमध्ये देऊन. त्यामुळं आता घरात फोन म्हणावा असा एकच उरला होता, बेबीनंदाबाईंचा बटणांचा.

"आवो, त्याला चार्जिंग तरी हाये का?" बेबीनंदाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

साहेबरावांनी टॅब चार्जरला लावला. पाच मिनिटं टक लावून बघितलं. दिवा नाही, खूण नाही. मग भिंतीवरच्या या बोर्डातच काही दम नाही असं ठरवून त्यांनी टॅब उचलला आणि स्वयंपाकघरात मिक्सरच्या जागी लावला. चटणी अर्धी वाटलेली राहिली. तिथंही काही नाही, म्हणून बाबासाहेबांच्या फोटोखालच्या दिव्याची पिन काढून तिथं लावला. पुण्याकडं कारखान्यात असलेल्या नागसेनला, म्हणजे मुलाला, विचारावं तर त्याची पाळी चालू होती आणि पाळीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागे.

तेवढ्यात धर्मराज आणि कचरू एकाच रिक्षातून उतरले. कचरूच्या हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंडी होती. धर्मराजनं सरांना दिसावं म्हणून मुलाच्या लग्नातला कोट घातला होता. दोघांनी आत पाऊल टाकताच विचारलं, कुठाय मशीन. साहेबरावांनी ते ज्या चेहऱ्यानं दाखवलं, त्यावरून दोघांना सगळं कळलं.

धर्मराजला असल्या गोष्टींची माहिती होती, निदान त्याचं तसं म्हणणं होतं. त्यानं आपल्या मोबाइलवर हिंदीतला एक व्हिडिओ लावला. व्हिडिओतल्या माणसानं आधी आपल्या चॅनेलबद्दल पुष्कळ सांगितलं आणि मग दोन बटणं एकदम दाबायला सांगितली. ती दाबली. मग दुसरा व्हिडिओ लावला. त्यात तिसरंच बटण होतं, जे या टॅबला नव्हतं. ते शोधण्यात तिसरा, चौथा व्हिडिओ झाला, आणि मग धर्मराजचा मोबाइल हातातल्या हातात विझला. परतूरपासून गाडीत तो भजनं ऐकत आला होता, हे त्याला आता आठवलं. टॅबचा चार्जर त्याला बसेना, आणि स्वतःचा त्यानं आणलेला नव्हता. कचरूचा फोन तर बटणांचाच.

कचरू एवढा वेळ डहाळे सोलत गप्प बसला होता. त्याचा अनुभव विहिरीवरच्या मोटरीचा. "मोटर उचलत नसंल तर मोटरीत काय न्हाई बघायचं," तो म्हणाला. "आधी लाइन बघायची बराबर येऊन राह्यली का." साहेबरावांनी पेचकस दिला. धर्मराजनं मेन स्विच बंद करायची सूचना केली, पण मेन स्विच कुठं आहे यावर नवरा-बायकोत मतभेद होते, आणि त्यांचा निकाल लागायच्या आत कचरूनं बोर्ड उघडला. फाट्‌ असा आवाज झाला. फ्रिजची घरघर थांबली, पंखा थांबला, आणि घरात एकदम इतकी शांतता झाली की कचरूच्या तोंडातला हरभरा फुटल्याचं ऐकू आलं.

"लाइन येऊन राह्यली होती," कचरू म्हणाला.

 बेबीनंदाबाईंनी तिघांच्या मधून टॅब उचलला, चार्जर उचलला आणि शेजारच्या शीतलकडं नेऊन तिच्या फ्रिजवर लावून ठेवला. कुणालाही हात लावू देऊ नको, विशेषतः आमच्याकडच्यांना, असं बजावून त्या परत आल्या.

दहा वाजून गेले. तीन म्हातारे एका दिवाणावर ओळीनं बसले होते, गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे. सरांना फोन करून सांगायचं कुणी यावर वाद झाला. धर्मराज म्हणाला, घर साहेबरावाचं. साहेबराव म्हणाले, पण वीज कचरूनं घालवली. कचरू म्हणाला, सर मला आधीपासून मारायचे, मी बिलकुल बोलणार न्हाई. शेवटी बेबीनंदाबाईंनी आपल्या फोनवरून नंबर लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

ज्योत्स्नानं उचलला आणि घाईघाईनं सरांकडं दिला. साहेबराव उभे राहिले.

"सर, एक अडचण..."

"थांब, खरात. आधी माझं ऐक." आवाज थरथरत होता, पण तोच होता. "मी तुला फोन लावणारच होतो, धीर होईना. नातवानं नवं मशीन आणलंय, पण सकाळपासून त्याच्यात नुसतं चाक फिरतंय. तुम्ही पोरं एवढ्या लांबून जमला असाल, कपडे-बिपडे घालून. मला फार ओशाळल्यासारखं झालं रे."

साहेबरावांनी दोघांकडं पाहिलं. धर्मराजचं हसू आधी फुटलं. मग साहेबराव हसले, कचरू हसला, आणि पलीकडून नागपूरहून खोकल्यात अडकलेलं एक हसू आलं. बेबीनंदाबाईंच्या फोनचा स्पीकर खणखणीत होता. तो दिवाणावर मधोमध ठेवला आणि तिघं त्याच्यावर वाकले.

सरांनी आधी प्रत्येकाची तब्येत विचारली. मग म्हणाले, "आगगाडी आठवते का?"

न आठवायला काय झालं. टेंभुर्णीच्या पोरांनी गाडी पाहिलेली नव्हती, म्हणून सरांनी सगळा वर्ग एसटीत कोंबून जालन्याच्या स्टेशनवर नेला होता. तेव्हा छोटी लाइन होती. गाडीला उशीर झाला. उन्हानं कासावीस झालेली पोरं पाण्याच्या नळावर धावली, आणि नेमकी तेव्हाच गाडी आली, थांबली आणि गेली. सगळ्यांना दिसला तो फक्त शेवटचा डबा. इंजिन पाहिलं एकट्या कचरूनं, कारण तो नळावर गेला नव्हता. गावात पुढं कैक वर्षं इंजिन कसं असतं ते सांगायचा मान त्याच्याकडंच होता.

"कचरू?" सर म्हणाले. "अरे, कचरू तर तेव्हा बाकाखाली झोपला होता. मीच त्याला उठवलं."

 दोघं कचरूकडं बघत राहिले.

"सर," कचरू खाली बघून म्हणाला, "शिट्टीनं जाग आल्ती की."

यावर सर इतके हसले की ज्योत्स्नानं पलीकडून त्यांना पाणी दिल्याचं ऐकू आलं. जरा वेळानं ते म्हणाले, "बरं झालं रे मशीन चालू झालं नाही. मला तुम्ही आत्ता हाफ चड्डीतच दिसताय. ती चेहरे दाखवणारी गोष्ट चालली असती तर तीन अनोळखी म्हातारे दिसले असते."

 साहेबरावांनाही बिछान्यावरचं कुणी दिसत नव्हतं. दिसत होते ते धोतराचा सोगा हातात धरून, बोटांना खडू लागलेला, फलाटावर पोरं मोजत धावणारे सर.

"चला, अडीचकी म्हणा," सर म्हणाले. "धर्मराज, तू आधी. पूर्वी तू दुसऱ्याच्या आवाजात तोंड हलवायचास."

"एक अडीच अडीच," धर्मराजनं सुरू केलं. दोघांनी आवाज धरला. "बे अडीच पाच. तीन अडीच साडेसात."

त्याच वेळी शीतल धावत दारात आली. तिच्या दोन्ही हातांत टॅब होता आणि टॅब लखलखीत पेटलेला होता. फ्रिजवर तासभर कुणी हात लावला नाही, कुणी काढून घातला नाही, एवढंच त्याला हवं असावं. काचेवर रंगीबेरंगी फुलं उमलत होती आणि आतून वाजंत्री वाजत होती. ती आनंदानं काही बोलणार, तोच बेबीनंदाबाई पुढं झाल्या आणि तिला हातानंच उंबऱ्याबाहेर थांबवलं.

आत तिघांची गाडी सात अडीचवर अडखळली होती आणि नागपूरहून कुणीतरी रागावत होतं. साहेबरावांनी, त्या घरात कधी कुणी पाहिलं नव्हतं असे, दोन्ही कान धरले होते.

बेबीनंदाबाईंनी दार ओढून घेतलं, वाजणारा टॅब पदराखाली दाबला आणि हळूच म्हणाल्या, "शीतल, जल्दी सांग. हे बंद कसं करायचं?"