सुदामभाऊंचा अकरावा माणूस

दर शनिवारी सकाळी साडेपाचला सुदामभाऊ अकरा वांगी आणि अकरा टमाटे घेऊन माझ्या दारात उभे राहतात. भाजीसाठी नव्हे. टीव्हीसमोरच्या फरशीवर ते दोन रांगा समोरासमोर मांडतात, एक वांगं रांगेच्या मागे एकटं ठेवतात आणि मला बजावतात, "बाई, हा आपला निखिल. याले कोणी हात लावायचा नाही." सामना संपला की दोन्ही संघ मी शिजवते. निखिलचं वांगं मात्र ते खिशात घालून घरी नेतात.

ईरा, कबीर, शनिवारी आजी फोन का उचलत नाही असं तुम्ही विचारता, त्याचं कारण हे.

सुदामभाऊ आमच्या मागच्या गल्लीत राहतात. तामसीच्या रस्त्यावर त्यांचा भाजीचा मळा आहे. तरुणपणी ते कबड्डीत चढाई करायचे. अजूनही ते इतक्या घाईने चालतात की त्यांच्याबरोबर बाजारात जाणं मी सोडून दिलं आहे. निखिल हा त्यांचा टेक्ससमधला नातू. त्याला मराठी जेमतेम येते, यांना इंग्रजी येत नाही, आणि इंटरनेट माझ्याकडे आहे. म्हणून तिथला शुक्रवार संध्याकाळचा सामना ते इथे शनिवारी सकाळी पाहतात. मग नातवाला निरोप सांगतात आणि मी तो इंग्रजीत लिहून पाठवते.

निखिल शाळेच्या संघात क्वार्टरबॅक आहे. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू आधी त्याच्या हातात येतो. बहुतेक क्वार्टरबॅक आपल्या माणसांच्या भिंतीमागे उभे राहून तो लांबच्या सोबत्याकडे फेकतात. काही मात्र चेंडू बगलेत मारून स्वतःच पळत सुटतात. निखिल पळणारा.

"फेकणाऱ्यालाच जास्त मान दिसतो," असं मी एकदा बोलून गेले.

"बाई, गिनती करा," सुदामभाऊ वांग्यांपाशी उकिडवे बसले. "फेकून हा उभाच राह्यला, तर पळापळीत आपले किती? दहा. त्यायचे अकरा. हा पळाला का आपलेबी अकरा! आता त्यायनं कोणाले धराव?" एक टमाटा त्यांनी गोंधळून इकडेतिकडे फिरवून दाखवला. टीव्हीवरचे समालोचक हेच सांगायला अर्धा तास घेतात.

निखिल डिसेंबरच्या सुटीत आला होता, तेव्हा त्याला यांनी शेजारच्या शेतात कपाशीच्या दोन ओळींमधून पळवलं. बगलेत दुधीभोपळा. एक बोंड पडलं की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी बोंड पडेना. भोपळाही फुटेना. शेतमालक तेवढा हात जोडत होता.

पळणाऱ्या क्वार्टरबॅकला एक सवलत असते. अंगावर माणसं आली की पाय पुढे घसरवून जमिनीवर बसायचं. बसलेल्याला धडक मारता येत नाही, डाव तिथेच थांबतो. निखिल बसत नाही. कारण आजोबांच्या प्रत्येक निरोपाचा शेवट ठरलेला, "बसू नोको." आणि तो इंग्रजीत लिहून पाठवत आले मी.

गेल्या आठवड्यात माझ्या फोनवर त्यांच्या मुलाचा, निखिलच्या वडिलांचा, फोन आला. "बाबा, दोनदा खांद्यावर आपटला तो. बसायला शिकला नाही तर कोच त्याला पळूच देणार नाही. आमचं ऐकत नाही. तुमचंच ऐकतो. तुमी सांगा."

"मी काऊन सांगू? आमच्या घरचा माणूस भर मैदानात बसन?"

"सुदामभाऊ, पोराच्या हाडांचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"हाडं मले शिकवू नोका, बाई."

या शनिवारी शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि निखिलचा संघ चार गुणांनी मागे होता. निखिलने फेकायला हात उचलला, खाली घेतला आणि पळाला. एकाला चुकवलं. दुसऱ्याला चुकवलं. पुढे मोकळं गवत, आणि डावीकडून एक धिप्पाड पोरगा सरळ त्याच्यावर येत होता.

"बस!" मी ओरडले.

"पळ! पळ रे!" सुदामभाऊ ओरडले.

धडकेचा आवाज आला आणि चित्र थिजलं. पडद्यावर निखिलचा एक बूट हवेत, आणि त्यावर गरगर फिरणारं चक्र.

"बाई, चालू करा हे."

"नेट गेलं."

"मंग आना ना वो!"

मी नेटचा डबा बंद केला, पुन्हा लावला. हिरवा दिवा लागेना.  दोन्ही हातांनी स्वतःचा डावा गुडघा धरून सुदामभाऊ उभे होते. वीस वर्षांच्या शेजारात त्यांना गुडघा आहे हे मला माहीत नव्हतं.

चित्र आलं तेव्हा निखिल दोघांच्या खांद्यांवर हात टाकून मैदानाबाहेर चालला होता. लोक टाळ्या वाजवत होते. त्याने हात हलवला.

"उठला, पाहा! चालतोय!" माझा आवाज चिरकला.

"मीबी उठलो होतो," सुदामभाऊ म्हणाले. "मंचेरियलले, कबड्डीच्या मैदानात. लोकायनं अशाच टाळ्या वाजवल्या, म्हून मी टेशनापरेंत पायी गेलो. दुसऱ्या दिवशी पाय जमिनीवर ठेवता येईना. बाईस वर्षांचा होतो. त्याच्यानंतर चढाई नाही. लोकायले लंगडं दिसू नाही म्हून घाईनं चालाची सवय लागली."

मग त्यांनी माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. "लिहा. बसलं का माती लागते. धुतली का जाते." निखिलचं वांगं उचलून त्यांनी हातात घेतलं. "आजा म्हनते, बसत जाय, बापू. असं लिहा."

मी लिहिलं. त्यांनी मोठ्याने वाचायला लावलं. एक शब्द कळत नसताना मान खाली घालून ऐकलं.

"रागावल्यावानी वाटते. जरा नरम वाचा."

"लिहिलेल्याला आवाज नसतो, सुदामभाऊ. त्याला फक्त अक्षरं दिसतील."

"तरीबी."

मी पुन्हा वाचलं, हळू. मग पाठवलं.